तांत्रिक कारण

गाडी आली, थांबली आणि रूबेनकाका मलिद्याची परात डोक्यावर धरून डब्याच्या दारातच अडकले.

"उतरा रे सगळे! टोप्या घाला!"

"काका, खुळे झालात काय?" पुतण्या शालोम आतून ओरडला. "आत्ता सुटेल गाडी. बेळगावला लग्न आहे. खिडकीतूनच आमेन म्हणतो."

"खिडकीतून? नबी काय तिकीट तपासायला येतोय?"

काका मिरज जंक्शनवरचे रिटायर गार्ड. नात सिपोरा मोठ्या ऑपरेशनमधून उठली तर इलियाहू नबीचा मलिदा करीन, असं ते बोलले होते. सिपोरा उठली, चालली, वर आजोबांच्या घोरण्याला नावंही ठेवू लागली. पण काकांना प्रार्थना रीतसर हवी होती, आणि तिला दहा यहुदी पुरुष लागतात. मिरजेत उरले होते एकटे काका. बाकीचे नऊ या गाडीत होते.

पूर्वी ही अडचण नव्हती. पुण्याकडची मोठी लाइन मिरजेत संपायची, बेळगावची छोटी इथून सुरू व्हायची. गाडी बदलणारे बेने इस्राएली यहुदी तासन्‌तास अडकायचे, रेल्वेला शिव्या घालायचे आणि काकांच्या क्वार्टरमध्ये दहाचे पंधरा जमायचे. मग रूळ एकसारखे झाले. सगळे खूश झाले, काका तेवढे एकटे पडले.

सकाळी दूध घालायला आलेल्या हरणाबाईला त्यांनी हे सगळं सांगितलं होतं.

"आवं मंग गाडी थांबवा की वाईच."

"रेल्वे काय माझ्या बापाची आहे, हरणाबाई?"

सिग्नल हिरवा झाला. काकांनी परात खाली घेतली. इंजिनानं भोंगा दिला. परत दिला. मग देतच राहिलं.

इंजिनाच्या पुढ्यात, रुळांवर, एक म्हैस बसली होती.

पोलिसानं शिट्टी फुंकली. तिनं एक कान हलवला. ड्रायव्हरनं बिस्किट दिलं. तिनं ते खाल्लं आणि उरलेल्या पुड्याकडं बघत रवंथ सुरू केलं.

"ही हरणाबाईची चंद्री," हमाल म्हणाला. "मालकिणीनं हाक मारल्याबिगर उठायची न्हाई."

मालकीण कुठंच सापडेना. कर्ण्यातली बाई गोड आवाजात सांगू लागली, तांत्रिक कारणामुळे गाडीला विलंब होत आहे.

नऊजण कुरकुरत उतरले. एकाला टोपी मिळेना, त्यानं डोक्याला रुमाल बांधला. सामानाच्या हातगाड्यावर परात ठेवली: भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, वर फळं. काकांनी प्रार्थना सुरू केली. सिपोराचं नाव आलं तिथं ते अडखळले, तेव्हा नऊजणांनी ती ओळ उचलून धरली. कितीतरी वर्षांनी मिरजेत दहा गळे एकदम आमेन म्हणाले.

आणि जिन्याआडून हाक आली, "चंद्रे!"

म्हैस उठली. पळापळ झाली. गाडी गेली.

काकांनी डोळे पुसले. "हरणाबाई, नबीनंच आज तुमच्या म्हशीचं दावं तोडलं बघा."

"व्हय की. लय मोठा द्येव तुमचा."

दावं तिच्या खांद्यावर होतं. नवंकोरं, व्यवस्थित गुंडाळलेलं. कुठंच तुटलेलं नव्हतं.

काकांनी एकदा दाव्याकडं बघितलं. मग परातीत नबीसाठी काढून ठेवलेला वाटा उचलला आणि हरणाबाईच्या ओंजळीत घातला.