वाऱ्यासारखा पळणारा

"शिकारी कुत्र्याची जात आहे, कारवानी. वाऱ्यासारखा पळतो," दिगंबरराव आल्यागेल्याला ऐकवायचे. हा वारा दिवसभर तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत बांधलेला असे. त्याला खायला घालायचं आणि त्याची घाण काढायची ती त्यांच्या बायकोनं, कुमुदनं.

रविवारी मेव्हण्यांपुढे मिरवायला त्यांनी कुत्रा सासरच्या शेतावर नेला. बांधावरून ससा उठला, कुत्र्यानं हिसका दिला, पट्टा तुटला आणि दिगंबरराव ढेकळात आडवे झाले. मेव्हण्यांनी तोंड फिरवून हसू दाबलं.

"अगं, हाक मार त्याला. तुझंच ऐकतो तो," दिगंबरराव विव्हळले.

कुमुदनं नांगरटीपलीकडे पाहिलं. कुत्रा आज पहिल्यांदाच कुत्र्यासारखा दिसत होता.

"मारते की," म्हणत ती सावलीला टेकली. "आधी भावांना बघू तर द्या. इतके दिवस बिचारे नुसतं ऐकूनच आहेत."