साच्यात नसलेली अक्षरं

काकूंनी संगणक सुरू करून एका जुन्या भाषेच्या शब्दकोशाची फाइल उघडली. आजही पानभर चौकोनच चौकोन.

काकूंनी बोटं मोडली आणि कामाला लागल्या. आधी फॉन्टच्या फाइली आणायच्या, मग काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करायची, पासवर्ड द्यायचा, फाइल बंद करून पुन्हा उघडायची. एखादं अक्षर तरीही रुसून बसायचं, मग सगळं पहिल्यापासून. शेवटी चौकोनांच्या जागी त्या जुन्या भाषेची अक्षरं उभी राहायची, डोक्यावर टिंबं, पायाखाली रेघा, आणि काकूंचं मुद्रितशोधन सुरू व्हायचं. हे सगळं त्यांना सिस्टमवाल्यानं शिकवलं होतं. रोज करावं लागतं, हेही त्यानंच सांगितलं होतं.

सिस्टमवाला मागच्या टेबलाला टेकून उभा होता. त्यानं मुखपृष्ठवाल्याला कोपरानं ढोसलं. "सुरू झाला बघ रियाज." मुखपृष्ठवाला तोंडावर हात धरून हसला.

प्रकाशनाच्या ऑफिसात प्रत्येक संगणकात लिनक्स प्रणालीच्या बंद खोल्या होत्या, म्हणजे कामाचे वेगवेगळे कप्पे, एकेका पुस्तकाची एकेक. सगळ्या खोल्या रोज एकाच साच्यातून नव्यानं उभ्या राहत. तुम्ही लिहिलेलं राहायचं, पण खोलीत वरून बसवलेलं सामान संध्याकाळी बंद करताना झाडून निघायचं. साच्यात बसवलं तर मात्र प्रत्येक खोलीत कायमचं. साचा उघडायची परवानगी एकट्या सिस्टमवाल्याला होती, आणि काम दोन ओळींचं होतं. सुरुवातीला तो खरंच विसरला. मग काकू रोज मान खाली घालून तीच आज्ञा टाइप करताना त्याला दिसल्या, आणि विसरणं त्याला आवडायला लागलं.

मालकीणबाई आत आल्या त्या थेट काकूंच्या टेबलाशी.

"काकू, कोश अजून अर्ध्यावरच? छापखान्यात कागद येऊन पडलाय."

"काय करू मॅडम, सकाळ सगळी अक्षरं बसवण्यात जाते."

"कसली अक्षरं?"

"ही काय. रोज जातात, रोज बसवायची."

मॅडमनी सिस्टमवाल्याकडे पाहिलं. "असं होतं?"

मुखपृष्ठवाला घाईघाईनं आपल्या स्क्रीनकडे वळला. सिस्टमवाल्याच्या जिभेवर खरं आलं होतं. पण ते सांगायचं तर इतके महिने का नाही सांगितलं, तेही सांगावं लागलं असतं.

"नाही मॅडम," तो म्हणाला. "विचारा ना, इथं आणखी कुणाला रोज फॉन्ट बसवावा लागतो का."

मॅडमनी विचारलं. कुणालाच लागत नव्हता; बाकीची पुस्तकं साध्या मराठीत होती आणि ती अक्षरं साच्यात आधीपासूनच होती.

काकू खुर्चीतच वळल्या. "अरे, तूच नाही का म्हणालास, रोज करायचं म्हणून?"

"मी एकदाच करायला सांगितलं होतं, काकू." त्यानं आवाज मऊ केला, आजारी माणसाशी बोलतात तसा. "संध्याकाळी जाताना तुम्हीच पुसून टाकता बहुतेक. लक्षात राहत नसेल. मी म्हटलं, कशाला टोकायचं. वय असतं."

काकू हसल्या. मग हसू तसंच ठेवून कालची संध्याकाळ आठवू लागल्या. पेनाला टोपण लावलं होतं. खिडकी ओढून घेतली होती. पिशवी उचलली होती. संगणक बंद करताना नेमकं काय काय दाबलं? शपथेवर सांगावं असं काही सापडेना.

"असेल," त्या हळूच म्हणाल्या. "मीच पुसत असेन."

मॅडम खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसल्या. "काकू, घरी कोण असतं?"

"मुलगी."

"तिला घेऊन एकदा डॉक्टरांकडे जाऊन या. कोशाचं मी बघते."

"मग कधी येऊ परत?"

"आधी बरं तर वाटू दे."

इतक्या गोड शब्दांत नारळ त्या ऑफिसात कुणालाच मिळाला नव्हता. काकूंनी चष्म्याचं घर, रबर आणि लाल पेन्सिली पिशवीत भरल्या. टेबल पुसलं. निघताना सिस्टमवाल्यापाशी थांबल्या.

"सांभाळून घेतलंस रे इतके दिवस. दुसरा कुणी असता तर पहिल्याच आठवड्यात बोंब मारली असती."

"असू दे हो, काकू," तो म्हणाला, आणि त्यानं त्यांच्यासाठी लिफ्टचं दार धरून ठेवलं.

दुपारी कोश दुसऱ्याकडे गेला. सिस्टमवाल्यानं साचा उघडून फॉन्ट आत टाकला. मुखपृष्ठवाला बघत होता.

"काय?" सिस्टमवाल्यानं विचारलं.

"कुठं काय," मुखपृष्ठवाला म्हणाला.

घरी मुलगी इस्त्री करत होती. काकूंनी दारात चपला काढता काढताच झालं ते सगळं सांगितलं. मुलगी तावातावानं बोलली, मॅडमना फोन लावायला निघाली. काकूंनी तिला थांबवलं. "नको गं. चूक माझीच आहे." मुलीनं डोळे पुसले आणि पुन्हा इस्त्री हातात घेतली. काकू हातपाय धुवायला गेल्या.

तोंड पुसत त्या बाहेर आल्या आणि दारातच थबकल्या.

"मी तुला ऑफिसातलं सांगितलं का गं?"

"सांगितलंस की, आई. आल्या आल्या."

काकूंनी मान हलवली. स्वयंपाकघराकडे वळल्या, आणि दोन पावलांवर पुन्हा थांबल्या.

"एकदाच ना?"