टकटक

"आई, बहिष्कार म्हणजे काय गं?" वेणी घालून घेताना लेकीने विचारलं.

"बहिः म्हणजे बाहेर. एखाद्याला बाहेर करणं, त्यावरून आला शब्द."

"कारखान्यातल्या मावश्यांनी तुला केलंय तसं?"

"मी तर आतच बसते की गं, राणी. नुसत्या बोलत नाहीत."

शिवणाच्या कारखान्याला काम चालू असतानाही बाहेरून कुलूप असायचं. तिने तक्रार केली, कुलूप निघालं. पण चिडलेल्या मालकाने सगळ्यांचाच ओव्हरटाइम बंद केला. तेव्हापासून बायकांनी तिच्याशी अबोला धरला. मशिनींच्या आवाजात घंटा ऐकू येत नाही, म्हणून जेवायची सुट्टी झाली की उठणारी बाई शेजारणीच्या टेबलावर कात्रीने टकटक करायची. तिच्या टेबलावर आता कुणी करत नसे. मशिनी थांबल्या की तिने आपलं समजून घ्यायचं.

त्या दिवशीही आजूबाजूच्या मशिनी थांबल्या. आज लवकर झाली वाटतं सुट्टी, असं म्हणत तिने मान वर न करता हातातली बाही पुरी केली. एकटीनेच तर जेवायचं, घाई कशाला?

डबा घ्यायला वळली, तर खोलीभर धूर. सगळ्याजणी बाहेर पोचल्या होत्या. दार उघडंच होतं, पण आता ते दिसत नव्हतं.