तापाचं नाव

सुरतेत प्लेगनं माणसं मरत होती तेव्हा तिथल्याच नवागाम वस्तीतल्या लूम कामगार लोटूची मुलगी रंजना धातूच्या नॅनोकणांवर पीएचडी करायला जर्मनीला निघाली होती. विमानाच्या आदल्या दिवशी तिला ताप भरला. "कोणले सांगू नको, निंघी जाय," आई म्हणाली. रंजनानं पासपोर्ट आईच्याच हातात दिला आणि सरकारी दवाखाना गाठला. तोंडाला फडकी बांधलेल्या माणसांत ती तपासणीची वाट बघत बसली. शेजारी कुणी खोकलं की ती स्वतःचं कपाळ चाचपून बघे. विमान गेलं. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "मलेरिया आहे." आईनं त्यांना हात जोडले. रंजना तशीच तापात टेलिफोन बूथवर गेली. "सर, सुरतेहून बोलतेय. ताप आला, म्हणून निघाले नाही." पलीकडून जर्मनीतल्या प्राध्यापकांनी विचारलं, "प्लेग?" "नाही, मलेरिया," ती इतक्या आनंदानं म्हणाली की ते चक्रावले. "बरं. जानेवारीत या."