टेपखालचं बटण

आत पलंग आणि ओटा असलेली ती जुनी गाडी काकूंना विकायची होती. पण आतले दिवे लागेनात, म्हणून त्यांनी ती वायरमनकडे आणली. पुढची, इंजिनाची बॅटरी ठणठणीत होती. मागची, गाडीतल्या घराची, पार बसलेली. गाडी चालताना तिला चार्ज करणारा रिलेच जळाला होता.

वायरमनचे हात चालले की तोंडही चालायचं. "मागची बसली तरी अडत नाही, काकू. स्टिअरिंगखालचं हे बटण दाबलं की पुढची बॅटरी मागच्या घराला जोडली जाते."

"त्यावर ह्यांनीच टेप लावली होती. कुणी हात लावायचा नाही, नाहीतर गाडी रस्त्यात बंद पडेल, म्हणायचे."

"छे हो. पुढच्या बॅटरीवर मागचं सगळं तासन्‌तास चालतं."

काकूंनी मागच्या पलंगाकडे पाहिलं. "ह्यांचं ऑक्सिजनचं मशीन मागच्या बॅटरीवर होतं. ती बसली, आणि अँब्युलन्स येईपर्यंत मी ह्यांना पुठ्ठ्याने वारा घालत होते."

वायरमनने जीभ चावली. "तसं हे बटण कधीच कामातून गेलंय," तो घाईने म्हणाला. "तुम्ही दाबलं असतंत तरी काही झालं नसतं."

काकूंनी नखाने टेप सोलली आणि बटण दाबलं.

मशीनचा खटका त्या दिवसापासून कुणी बंद केलाच नव्हता. मागे रिकाम्या पलंगाशेजारी ते घरघरत सुरू झालं, आणि उशीवरच्या नळीतून हवा येऊ लागली.