बारावी चूक

मानवतच्या जिनिंगमध्ये पंधरा वर्षं मी झिजलो आणि सुपरवायझर झाली काल आलेली शिवकन्या! कामगार तिला "मॅडम" म्हणाले की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. महिनाभर तिच्या चुका वहीत टिपल्या. अकरा भरल्या तसा मालकांकडं गेलो.

"बघा मालक, तुमच्या मॅडमचा कारभार!"

मालकांनी वही चाळली आणि ड्रॉवरमधून चार कागद काढले. "गोपाळराव, ती दर शनिवारी सोताच्या चुका सोताच लिहून देती. तुमच्या वहीत एक कमी हाय."

अक्षर तिचंच होतं. माझ्या अकराही त्यात होत्या. बारावी वाचली आणि मी वही मिटली.

"ओला कापूस कोरड्या ढिगात गेला. माझं लक्ष कमी पडलं."

त्या दिवशी कापूस तपासायला मी होतो.