सापडलेले आजोबा

आजोबा हरवले म्हणून अख्खी सोसायटी शोधायला निघाली आणि त्यांचा फोटो मोबाइलवरून गावभर फिरला. तासाभरात आजोबा सलूनच्या खुर्चीत घोरताना सापडले, पण फोटो काही फिरायचा थांबला नाही. आता त्यांनी घराबाहेर पाऊल टाकलं रे टाकलं, की कुणीतरी भला माणूस त्यांना गाडीत घालून घरी आणून सोडतो.

"बाबा, आज पुन्हा?" सुनेनं कपाळाला हात लावला. "थांबा, सगळ्या ग्रुपांवर टाकतेच, तुम्ही सापडलात म्हणून!"

"काही नको टाकूस," आजोबा घाईघाईनं म्हणाले आणि भलंमोठं कलिंगड त्यांनी ओट्यावर ठेवलं.

 

हल्ली पिशवी जड झाली, की ते कोपऱ्यावर जाऊन उभे राहतात आणि चेहरा तेवढा हरवल्यासारखा करतात.